को-वर्किंगमध्ये ऑफिस हलवताना: छोट्या टेक कंपनीची तयारी

को-वर्किंगमध्ये, म्हणजे अनेक कंपन्या वापरतात अशा भाड्याच्या सामायिक ऑफिसात, टेबल, खुर्ची, लॉकर या गोष्टी करार झाल्यावरही बदलून मिळतात. नेटवर्क सहसा बदलून मिळत नाही, म्हणून सही करण्याआधीची निम्मी तपासणी त्याचीच असावी. जागा पाहायला कामाच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी, आपला लॅपटॉप घेऊन जा. स्पीड टेस्टमधला डाउनलोडचा मोठा आकडा फारसं काही सांगत नाही, अपलोड बघा. फुल एचडी व्हिडिओ कॉलला माणशी साधारण ३ ते ४ एमबीपीएस अपलोड धरा, म्हणजे सहा जण एकाच वेळी कॉलवर असले तर २० ते २५. मग एका खिडकीत पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ दाखवणारी आज्ञा) चालू ठेवून दुसरीकडे मोठी फाइल अपलोड करा. पिंग २० मिलिसेकंदांवरून ३००-४००वर गेला, तर राउटरच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) डेटाच्या पॅकेटांची रांग लागते आहे. बँडविड्थ कितीही असो, कॉल तुटणारच.

व्यवस्थापकांना विचारायचे प्रश्न लेखी पाठवा, उत्तरंही लेखी घ्या. आमच्यासाठी वेगळा व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला फक्त आमचा स्वतंत्र भाग) मिळेल का? डेस्कवर लॅनचा (तारेने नेट जोडायचा) पॉइंट आहे का? वाय-फायवर क्लायंट आयसोलेशन (एका उपकरणाला दुसऱ्याशी थेट बोलू न देणं) चालू आहे का? ते असणं सुरक्षेच्या दृष्टीने चांगलंच, पण मग तुमचा टेस्ट फोन शेजारच्याच लॅपटॉपवर चालणाऱ्या लोकल सर्व्हरपर्यंत पोचत नाही, आणि मोबाइल ॲप करणाऱ्यांचं काम पहिल्याच दिवशी अडतं. लॉगिन पान उघडून मग नेट देणारं वाय-फाय असेल, तर स्क्रीन नसलेली उपकरणं (रास्पबेरी पायसारखे छोटे संगणक, सेन्सर बोर्ड) त्यावर चढतच नाहीत. त्यांचे मॅक ॲड्रेस (उपकरणाचे ओळख क्रमांक) आधी नोंदवून घ्यावे लागतात. तिथला अंतर्गत आयपी रेंजही (उपकरणांना मिळणाऱ्या नेटवर्क पत्त्यांचा पट्टा) विचारून ठेवा. तो तुमच्या व्हीपीएनच्या (कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग) किंवा डॉकरच्या (ॲप वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) रेंजवर (डॉकरचा डीफॉल्ट १७२.१७.०.०/१६) आला, तर काही सर्व्हर उघडतात, काही नाही, आणि कारण शोधण्यात दिवस जातो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम स्टॅटिक आयपीचं, म्हणजे ऑफिसच्या न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्याचं. क्लायंटच्या फायरवॉलमध्ये, डेटाबेसच्या नियमांत, कुठल्याशा जुन्या ॲडमिन पॅनलमध्ये 'यालाच प्रवेश द्या' म्हणून सध्याच्या ऑफिसचा आयपी नोंदवलेला असतो, आणि तो कुठेकुठे आहे याची यादी बहुधा कुणाकडेच नसते. ती आधी करा. नव्या जागेचा आयपी तिथे घालणं मात्र टाळा, कारण अनेक ठिकाणी सगळ्या कंपन्या एकाच आयपीने बाहेर पडतात. तुमच्यासाठी उघडलेलं दार शेजाऱ्यालाही उघडं राहतं. त्यापेक्षा क्लाउडवर स्थिर आयपी असलेला स्वतःचा व्हीपीएन गेटवे उभा करा आणि तोच आयपी सगळ्यांना कळवा. पुढच्या वेळी जागा बदलली तरी हे काम परत करावं लागणार नाही. मोठ्या क्लायंटकडे असा बदल मंजूर व्हायला आठवडे लागतात, तेव्हा विनंती महिनाभर आधी जाऊ द्या.

टेबलाखाली ठेवलेला सर्व्हर को-वर्किंगमध्ये आणू नका. रात्री एसी बंद होतो, सफाईवाले प्लग काढतात. तो क्लाउडवर हलवताना डीएनएसचा (नावावरून आयपी शोधणारी यंत्रणा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता इतरांकडे साठून राहण्याचा काळ, ३०० सेकंदांवर आणा, पण जुना टीटीएल ८६,४०० सेकंद असेल तर हा बदल किमान २४ तास आधी व्हायला हवा. हलवण्यापूर्वी बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून बघा. फाइल जागेवर आहे एवढ्यावर विसंबू नका.

डेस्क टेपने मोजा. १२० सेंटिमीटरच्या डेस्कवर २४ इंची दोन मॉनिटर बसतात (प्रत्येकी साधारण ५४), २७ इंची दोन नाहीत. मॉनिटर आर्मचा क्लॅम्प मागच्या कडेला लागतो. तिथे पार्टिशन किंवा केबल ट्रे असेल तर तो बसत नाही. माणशी चार प्लग धरा. कमी पडले तर जास्तीचे पॉइंट मागा, एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडू नका.

मीटिंग रूमचे तास फुकट वाटतात, पण हिशेब करा: रोजचा पंधरा मिनिटांचा स्टँडअप (टीमची छोटी बैठक), महिन्याला २२ दिवस, म्हणजे साडेपाच तास. बुकिंग अर्ध्या तासाच्या पटीत असेल तर तेच अकरा होतात. फोन बूथ किती माणसांत किती आहेत तेही मोजा, आणि त्यांत हवा खेळते का ते दार लावून दहा मिनिटं बसून बघा.

प्रत्येक लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन हवं, रिकव्हरी की त्याच लॅपटॉपवर नको. स्क्रीन दोन-तीन मिनिटांत आपोआप लॉक व्हावी. प्रिंटर सामायिक असेल तर पिन दिल्याशिवाय कागद बाहेर येऊ नये. क्लायंटच्या करारांत 'काम बंद खोलीतच करावं' अशी अट आहे का, हे वाचल्याशिवाय खुल्या हॉलमधल्या सीट घेऊ नका.

करारात नोटीस पिरियड, मधेच सीट कमी करता येतात का, एसीच्या वेळा, रात्रीचा प्रवेश आणि कंपनीचा नोंदणीकृत पत्ता म्हणून ती जागा वापरता येते का, हे बघा. हलवण्याच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरचं रिलीज ठेवू नका. जुन्या ऑफिसची इंटरनेट लाइन आणखी आठवडाभर चालू ठेवा आणि त्या आठवड्यात जुन्या आयपीवरून कुठे लॉगिन होतंय का ते लॉगमध्ये तपासा. काही दिसलं नाही की मगच लाइन बंद करायचा अर्ज द्या.