मोठं शहर, दोघंच आणि मोजके पैसे: ट्रिप कशी आखायची

दोन जण मोठं शहर बघायला निघतात तेव्हा वाटतं की पैसे तिकिटांवर जाणार, पण माझा अनुभव सांगते, पैसे जातात भिडेपायी. तिला टॅक्सीच हवी असेल, तो दमला असेल, आता रांगेत उभे राहिलोच आहोत तर घेऊन टाकू तिकीट, असं दोघंही मनात म्हणतात आणि दोघंही पाकीट उघडतात. मी आणि माझी मैत्रीण पहिल्यांदा गेलो तेव्हा तीन दिवसांचे पैसे दोन दिवसांत उडवले आणि परतीच्या गाडीत बोलता बोलता कळलं की एका टॉवरचं महागडं तिकीट तिने माझ्यासाठी काढलं होतं आणि मी तिच्यासाठी. वर जाऊन दोघी दहा मिनिटांत खाली! त्यानंतर बऱ्याच ट्रिपा झाल्या, मैत्री अजून शाबूत आहे, तर आमची पद्धत सांगते.

१. तारखांच्या आधी आकडा

दोघांनी आपापला दिवसाचा खर्चाचा आकडा ठरवायचा, येण्याजाण्याचं भाडं आणि मुक्काम सोडून, आणि एकाच वेळी एकमेकांना मेसेज करायचा. आधी तू सांग, नाही आधी तू सांग, हे नको, कारण दुसरा मग त्याच्या आसपासचाच आकडा बोलतो. दोन्हीतला जो लहान तो दोघांचा आकडा. सरासरी काढायची नाही, सरासरी काढली की ज्याच्याकडे कमी आहेत तो रोज ओढाताण करतो आणि तोंडाने काही बोलत नाही, मग तिसऱ्या दिवशी भलत्याच गोष्टीवरून भांडण होतं. ज्याच्याकडे जास्त आहेत त्याने वरचे पैसे स्वतःच्या खरेदीला ठेवावेत, त्यावर दुसऱ्याने कमेंट करायची नाही.

२. प्रत्येकी तीन जागा

इंटरनेटवरच्या 'बघायलाच हव्यात अशा पंचवीस जागा' वगैरे याद्या बाजूला ठेवा. प्रत्येकाने फक्त तीन सांगायच्या, न बघता परत आलो तर घरी हळहळ वाटेल अशा. एखादी कॉमन निघतेच, म्हणजे पाच-सहा जागा झाल्या. तीन-चार दिवसांना तेवढ्या पुरतात, बाकी सगळं 'जमलं तर'. आणि एक महत्त्वाचं, दुसऱ्याच्या जागेचं तिकीट महाग असेल आणि तुम्हाला त्यात रस नसेल तर बाहेर बसा की! एकाने आत जायचं, दुसऱ्याने दीड तास बागेत पाय पसरून बसायचं, यात कोणाचा अपमान होत नाही. आम्हाला हे कळायला दोन ट्रिपा लागल्या.

३. नकाशावर टिपके टाका, पण खऱ्या नकाशावर

आता या सगळ्या जागा फोनमधल्या नकाशात सेव्ह करा आणि झूम कमी करून बघा, टिपक्यांचे दोन-तीन घोळके दिसतील. एक घोळका म्हणजे एक दिवस, झालं तुमचं प्लॅनिंग. सकाळी एका टोकाला, दुपारी दुसऱ्या टोकाला, संध्याकाळी परत पहिल्या टोकाला सूर्यास्त बघायला, असं केलं की तिकिटांपेक्षा जास्त पैसे आणि निम्मा दिवस प्रवासातच संपतो.

हे काम मेट्रोच्या नकाशावर करू नका हां, तो नकाशा अंतर दाखवत नाही. लंडनच्या अंडरग्राउंडचा तो प्रसिद्ध सरळ रेघांचा नकाशा हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने केला, १९३३ मध्ये तो लोकांना मिळाला, आणि त्याची आयडियाच अशी होती की जमिनीखालच्या माणसाला कुठे गाडी बदलायची एवढंच कळलं की बास, अंतर गेलं उडत. नंतर जगभरच्या शहरांनी तीच पद्धत उचलली. त्यामुळे दोन स्टेशनं नकाशात लांब दिसतात आणि वर रस्त्याने चालत पाच मिनिटं असतात. लंडनमध्येच लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या दोन स्टेशनांत ३०० मीटरसुद्धा अंतर नाही, तरी लोक जिने उतरून, गाडीची वाट बघून, पूर्ण तिकीट भरून जातात. म्हणून एक-दोन स्टेशनांचा प्रवास असेल तर आधी फोनमध्ये चालत जायचा वेळ बघायचा, वीस मिनिटांच्या आत असेल तर चालायचं. शहर खरं तर त्या वीस मिनिटांतच दिसतं.

४. बंद दिवस आणि फुकट तास

यात आम्ही चांगल्याच आपटलो आहोत. एका शहरात एक म्युझियम माझ्या तीन जागांपैकी पहिलं होतं, दोन गाड्या बदलून तिथे पोचलो तर गेटला साखळी, आत एक माणूस शांतपणे झाडू मारतोय. आम्हाला बघून तो काही बोलला नाही, झाडूच्या दांड्याने नुसती पाटी दाखवली. साप्ताहिक सुट्टी. पाटीवरचा रंगसुद्धा जुना झाला होता, म्हणजे आमच्यासारखे बरेच येऊन गेले असणार. मैत्रीण बिचारी काही बोलली नाही पण जाण्यायेण्याचं भाडं तिने त्या रात्री हिशोबात 'झाडू' या नावाखाली लिहिलं.

तर प्रत्येक टिपक्यासमोर बंद असण्याचा वार लिहा, आणि सगळीकडे सोमवारच असेल असं धरून चालू नका. पॅरिसमध्ये लूव्र म्युझियम मंगळवारी बंद असतं आणि त्याच शहरात नदीपलीकडचं ओर्से म्युझियम सोमवारी. ताजमहाल शुक्रवारी बंद. ही माहिती त्या जागेच्या अधिकृत साइटवरच बघायची, आणि तिकीटही तिथूनच. सर्चमध्ये सगळ्यात वर ज्या साइट येतात त्या पुष्कळदा मधल्या एजंटच्या असतात आणि तेच तिकीट वरचे पैसे लावून विकतात.

वाराशेजारी फुकट वेळसुद्धा लिहा. माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये रोज शेवटचे दोन तास प्रवेश मोफत असतो, व्हॅटिकनची म्युझियम्स महिन्याच्या शेवटच्या रविवारी मोफत असतात, लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियनची म्युझियम्स तर कायमच मोफत आहेत, फक्त काही खास प्रदर्शनांना तिकीट लागतं. पण फुकट वेळेला गर्दीही तशीच असते, रांगेत दीड तास गेला आणि आत पाऊण तास मिळाला तर ते फुकट कसलं. माझं मत विचाराल तर जी जागा तुमच्या तीनमधली आहे तिचं सरळ तिकीट काढा, सकाळी उघडताना जा आणि निवांत बघा. फुकट वेळ 'जमलं तर'च्या यादीसाठी.

५. मुक्काम

लांबची खोली स्वस्त दिसते पण भाड्यात दोघांचं रोजचं जाणं-येणं मिळवा आणि मग तुलना करा. शेवटची ट्रेन किंवा बस किती वाजता सुटते तेही बघा, ती चुकली की टॅक्सी, आणि दोन रात्री टॅक्सी केली की स्वस्त खोलीचा फायदा गेला. दोघं असाल तर हॉस्टेल आपोआप स्वस्त पडेल असंही नाही, डॉर्ममधल्या दोन बेडचे पैसे मिळून कधीकधी साध्या लॉजमधल्या दोघांच्या खोलीएवढेच होतात, शिवाय टॉवेलचे वेगळे, लॉकरचे वेगळे. बुक करायच्या आधी एवढंच विचारायचं की चेकआउटनंतर बॅगा ठेवून घेतात का. शेवटचा दिवस बॅगा ओढत काढायचा नसेल तर हे हवंच.

६. पासचा मोह

शहरात उतरल्या उतरल्या कोणीतरी पास गळ्यात मारायला बघतं. 'अनलिमिटेड' शब्द वाचला की आपल्याला ते फुकटच वाटतं. इथे फक्त भागाकार करायचा, पासची किंमत भागिले एका फेरीचं तिकीट. उत्तर सहा आलं तर दिवसाला सहापेक्षा जास्त फेऱ्या मारणार का? तिसरी पायरी नीट केली असेल तर एका घोळक्यात दिवसाला दोन-तीनच फेऱ्या होतात, मग पास कशाला. पास २४ तासांचा आहे की त्या तारखेपुरता तेही वाचायचं. २४ तासांचा असेल तर दुपारी सुरू करा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालतो. तारखेचा असेल तर संध्याकाळी घेऊन उपयोग नाही. काही शहरांत तर पासची गरजच नसते, लंडनमध्ये कार्ड टॅप करत गेलं की दिवसभरात ठरावीक रकमेच्या वर पैसे कापत नाहीत, पण अट अशी की प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं आणि दिवसभर तेच वापरायचं, एका कार्डावर दोघं जाता येत नाही.

म्युझियम पासचं त्याहून वाईट. तीन दिवसांच्या पासचे पैसे वसूल करायला कधीकधी दिवसाला दोन-तीन म्युझियम करावी लागतात आणि दुपारनंतर दुसऱ्या म्युझियममध्ये माणूस चित्रं बघत नाही, बाक शोधतो!

टूरिस्ट बसऐवजी साधी शहराची बस किंवा फेरीबोट शोधा, रोजचे लोक वापरतात तीच. न्यूयॉर्कची स्टेटन आयलंड फेरी १९९७ पासून मोफत आहे, साधारण २५ मिनिटं लागतात आणि वाटेत स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो, पलीकडे स्टेटन आयलंडला उतरायचं आणि पुढच्या बोटीने परत. हाँगकाँगची स्टार फेरी, बर्लिनची १०० नंबरची बस, सगळा तोच प्रकार, रोजच्या तिकिटात शहराचा अर्धा अल्बम. उंचावरून शहर बघायचं असेल तरी टॉवरच हवा असं काही नाही, टोकियोत महानगर सरकारच्या इमारतीत ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर, मोफत जाता येतं. तुमच्या शहरात असं काय आहे ते नावासमोर 'फ्री व्ह्यूपॉइंट' टाकून शोधा. आणि 'फ्री वॉकिंग टूर' म्हणजे शेवटी गाइडला आपल्या मनाने पैसे द्यायचे असतात, ते बजेटमध्ये आधीच धरा, शेवटच्या चौकात सटकू नका.

७. कॉन्ट्रीचं पाकीट

टीटीएमएम करून बघितलं, नाही जमत. एका बाटलीचे पैसे तू दिलेस, बसचे मी, सुट्टे नाहीत, नंतर देते, आणि रात्री कोणालाच काही आठवत नाही. आम्ही एक चेनवालं छोटं पाकीट ठेवतो. रोज सकाळी दोघींनी सारखे पैसे त्यात टाकायचे, पहिल्या पायरीत ठरलेला आकडा तोच. भाडं, जेवण, पाणी, तिकीट, सगळं त्यातूनच. पाकीट एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. याची गंमत अशी की दुपारी पाकीट चाचपलं की हाताला कळतं किती उरलंय, अ‍ॅपमधल्या आकड्याने तसं होत नाही. टॅक्सी करू का असं कोणी म्हटलं की उत्तर पाकीट देतं, आपल्याला वाईट व्हावं लागत नाही. उरलेले पैसे दुसऱ्या दिवशीच्या पाकिटात. जिथे रोख चालतच नाही तिथे एकाच्या कार्डाने भरायचं आणि तेवढे पैसे लगेच पाकिटातून काढून त्याला द्यायचे, रात्रीपर्यंत थांबायचं नाही. परदेशात कार्डाच्या मशीनने तुमच्या देशाचं चलन की इथलं असं विचारलं तर इथलंच निवडा, दुसऱ्या पर्यायात दर बहुतेक वेळा महाग लावतात.

८. खाणं-पाणी

थोडक्यात सांगते. रिकामी बाटली जवळ ठेवा, रस्त्यावर पिण्याच्या पाण्याचे नळ बऱ्याच शहरांत असतात, पॅरिसमधले हिरवे वॉलेस नळ १८७२ पासून आहेत. मोठं जेवण दुपारी करा, बऱ्याच ठिकाणी तेच ताट रात्री महाग होतं. प्रसिद्ध जागेच्या दारातलं हॉटेल टाळून दोन गल्ल्या आत जा. आणि भूक लागायच्या आधी जेवा, भुकेलेले दोन जण जे समोर दिसेल त्यात शिरतात.

९. अर्धा दिवस वेगळं

चार दिवसांच्या ट्रिपमध्ये एक दुपार वेगवेगळं फिरा, हे आधीच ठरवून ठेवा म्हणजे ऐनवेळी ते रुसणं वाटत नाही. पाकिटातले त्या दुपारचे पैसे अर्धे अर्धे. भेटायची जागा म्हणजे 'स्टेशनच्या बाहेर' नको, स्टेशनला सात-आठ दरवाजे असतात, आम्ही एकदा एकाच स्टेशनच्या दोन दरवाज्यांवर चाळीस मिनिटं एकमेकींना शिव्या घालत उभ्या होतो, दोघींच्या फोनची बॅटरी गेलेली. नंबर असलेला दरवाजा, वेळ, आणि मुक्कामाचा पत्ता कागदावर लिहून दोघांच्या खिशात.

शेवटच्या दिवशी सकाळी प्रवासाच्या कार्डात किती पैसे उरले ते बघा, काही शहरांत काउंटरवर परत मिळतात, काही ठिकाणी नाही, नसतील मिळत तर तेवढ्याच फेऱ्या मारून संपवा. परदेशात असाल तर नाणी आधी खर्च करा, मनी चेंजर शक्यतो नोटाच घेतात. आमच्या त्या पाकिटात अजून पाच देशांची चिल्लर पडलीये, नवीन ट्रिपच्या आदल्या रात्री ती काढून ठेवायची म्हणतो आणि राहून जाते, मग बसमध्ये कंडक्टरला भलतंच नाणं दिलं जातं.