पाच गिगाहर्ट्‌झचा रेडिओ उठतच नव्हता

वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट (फोन-लॅपटॉपला बिनतारी नेटवर्क देणारं यंत्र) नव्याने सेट केला. २.४ गिगाहर्ट्‌झचं नेटवर्क लगेच दिसलं, पण ५ चं नावच नाही. चॅनल (त्या पट्ट्यातला ठरावीक भाग) ३६ दिलेला, पासवर्ड बरोबर, दिवाही लागलेला. आधी अँटेना सैल असेल म्हणून पिळून बघितल्या. उगाच.

शेवटी लॉग, म्हणजे यंत्राची नोंदवही, उघडली. देशाचा कोड ‘००’! म्हणजे यंत्राला आपण कुठे आहोत हेच माहीत नाही. अशा वेळी ते सगळीकडे चालतील असे सावध नियम धरतं: ५ गिगाहर्ट्‌झच्या चॅनलवर नुसतं ऐकायचं, स्वतःहून बोलायचं नाही. मग ॲक्सेस पॉइंट चालणार कसा? आपल्या देशाचा दोन अक्षरी कोड घातला, रेडिओ पुन्हा चालू केला, काम झालं.

मग हौस म्हणून चॅनल १०० लावला, तर नेटवर्क परत गायब. आता खरंच घाम फुटला. पण लॉगमध्ये रडार तपासणी चालू असल्याचं दिसलं. ५२ ते १४४ मधल्या चॅनलवर बऱ्याच देशांत आधी किमान ६० सेकंद रडार आहे का ते ऐकावं लागतं. मिनिटभराने नाव आलं.

जास्त पॉवरसाठी दुसऱ्याच देशाचा कोड टाकायचा सल्ला मिळतो. मी तो मानला नाही. ते बेकायदा, शिवाय फोन आपल्याच नियमांनी बोलतो, त्याच्या सिग्नलचा जोर काही वाढत नाही. बाहेरची मोठी अँटेना असेल तर तिचा गेनही (ती शक्ती एका दिशेला किती एकवटते तो आकडा) सेटिंगमध्ये भरा. बहुतेक ठिकाणी मर्यादा अँटेनाचा गेन धरून बाहेर पडणाऱ्या शक्तीवर असते.