रन दाबायच्या आधी: मल्टी टाइमफ्रेम कोडला हिस्ट्री पुरतेय का?

५ मिनिटं आणि डेली अशा दोन-तीन टाइमफ्रेमचा जुना डेटा (हिस्ट्री) एकत्र वापरणारा ट्रेडिंगचा कोड चालतोय, एरर नाही, पण ट्रेड एकही पडत नाही, असं झालं की आपण आधी एंट्रीच्या अटी उकरत बसतो. ते नंतर. आधी सगळ्यात मोठ्या टाइमफ्रेमपासून उलटं मोजा. डेलीवर २०० ईएमए (ताज्या किमतींना जास्त वजन देणारी २०० बारची सरासरी) हवाय म्हणजे किमान २०० डेली बार, म्हणजेच कॅन्डल, आणि ते ५ मिनिटांच्या डेटातून बनवणार असाल तर चोवीस तास चालणाऱ्या मार्केटमध्ये दिवसाला २८८ बार, म्हणजे ५७,६०० कॅन्डल झाल्या, आणि डेटा देणारा एपीआय एका वेळी १००० देत असेल तर ५८ कॉल. त्यापेक्षा डेली डेटा वेगळा मागवा ना, एका कॉलमध्ये काम होतं.

बरं, २०० मिळाले म्हणून लगेच खूश होऊ नका. पहिल्या क्लोजपासून सुरू केलेल्या ईएमएमध्ये २०० बारनंतरही त्या पहिल्या किमतीचं वजन साडेतेरा टक्क्यांच्या आसपास उरतं, ६०० नंतर ते पाव टक्क्यावर येतं, म्हणून मी तिप्पटच धरतो. पायथनच्या पांडाज लायब्ररीतलं ईडब्ल्यूएम, म्हणजे ईएमए काढणारं फंक्शन, तर पहिल्या बारपासूनच गपगुमान आकडा द्यायला लागतं आणि हेच जास्त घातक, एरर आली तर निदान कळतं तरी. तिथे मिन पीरियड्स लावून ठेवा, म्हणजे तेवढे बार होईपर्यंत आकडाच येणार नाही.

मग कोडमधला चेक, प्रत्येक सिरीजचा वेगळा. निन्जाट्रेडर या ट्रेडिंग सॉफ्टवेअरमध्ये करंटबार्सचा (कुठल्या सिरीजचे किती बार झाले ते सांगणारी यादी) ० नंबर तपासून लोक मोकळे होतात, तो फक्त मुख्य सिरीजचा, डेली १ नंबरवर असेल तर तोही बघायचा, आणि लोड केलेत फक्त ५ दिवस तर डेली बार येणार कुठून? मेटाट्रेडर ५ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इंडिकेटरचे आकडे आणणारं कॉपीबफर फंक्शन -१ (म्हणजे एरर) देतं तेव्हा बऱ्याचदा हिस्ट्री अजून लोड होत असते, तेवढ्यावर स्ट्रॅटेजी बंद करू नका, पुढच्या टिकला (किमतीच्या पुढच्या बदलाला) परत विचारा.

पांडाजमध्ये दोन टाइमफ्रेम जोडल्यावर ड्रॉपना (रिकाम्या जागा असलेल्या ओळी काढणं) मारण्याआधी आणि नंतर ओळी किती ते प्रिंट करा. माझ्या टेबलात एकदा दिवसाला एकच ओळ उरली होती, डेलीचा टाइमस्टॅम्प मध्यरात्रीचा असतो आणि मी फॉरवर्ड फिल, म्हणजे तोच आकडा पुढच्या रिकाम्या ओळींत भरणं, विसरलो होतो. पण ते करताना डेलीचे आकडे आधी एक बार पुढे सरकवा, म्हणजे आजच्या ओळींत कालचाच आकडा येईल, नाहीतर आजचा क्लोज सकाळीच कळतो आणि बॅकटेस्ट (जुन्या डेटावरची चाचणी) खोटा छान दिसतो.

आणि इन्स्ट्रुमेंटच नवीन लिस्ट झालेलं असेल तर डेटा कुठूनच येणार नाही, ते सरळ वगळा, किंवा ५० चा ईएमए वापरा, मग त्याचा बॅकटेस्टही वेगळा.