खंडेनवमीला बंदूक खाली काढताना: भाताच्या राखणीआधीचा सल्ला

बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या शिवारात भात निसवलं, दाण्यात दूध भरू लागलं की राखणीचे दिवस येतात. गवे आणि रानडुकरं रात्री उतरतात, काही गावांत हत्तीही. खोपीवर बॅटरी, डबा आणि कांबळ्याबरोबर परवान्याची ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूकही जाते. पावसाळाभर माळ्यावर पडलेली ही बंदूक बहुतेक घरांत खंडेनवमीच्या पूजेलाच खाली येते. तिला झेंडूचं फूल वाहण्याआधी आत बार, म्हणजे ठासलेली दारू, आहे का, ते पाहा.

काडतुसाची बंदूक मध्ये मोडून उघडली की आतलं दिसतं. ठासणीची मागून बंद, त्यामुळे भरलेली आणि रिकामी बंदूक बाहेरून अगदी सारखी दिसते. आमच्या घरी एका वर्षी पूजेच्या पाटावरच्या बंदुकीत मागच्या सुगीतला बार निघाला. पाटाभोवती पोरं बसली होती. केप, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी पाडणारी टोपी, लावलेली नव्हती, एवढ्यावरच निभावलं. त्या दिवसापासून मी भेटेल त्याला गजाची, म्हणजे बार ठासायच्या काठीची, खूण शिकवतो.

ती अशी. घोड्याखाली केप नाही याची आधी खात्री करा. नळीचं तोंड माणसांकडे, जनावरांकडे, घराकडे नको. गज नळीला बाहेरून लावा, टोक केप बसते त्या निपलाच्या जागेशी आणा आणि तोंडापाशी गजावर खिळ्याने चरा पाडा. आता तोच गज हळूच आत सोडा. चरा तोंडाशी आला तर नळी रिकामी. दोन-चार बोटं वर राहिला तर आत काहीतरी आहे, आणि तो बारच आहे असं धरून चाला. जुना बार उडवून मोकळा करायला जाऊ नका. नळी आतून गंजलेली असते, दारू दमट झालेली असते, नळी फुटली तर हात आणि डोळे जातात. निपलातून तेल किंवा पाणी सोडा आणि परवाना असलेल्या बंदूक कारागिराकडून बार काढून घ्या. त्याला भरलेली आहे हे आधीच सांगा.

कधी बार नसतो, पण कुंभारीण माशीने नळीत मातीचं घर केलेलं असतं. तेही तितकंच धोक्याचं.

दारू काळीच हवी, परवान्यावर विकत घेतलेली. काडतूस फोडून काढलेली दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही घालू नका. ती काळ्या दारूपेक्षा कितीतरी जास्त दाब धरते आणि नळी चिरते. घरी कुटलेली दारूही नको. डबा चुलीपासून आणि दिवाळीच्या फटाक्यांपासून लांब, कुलपात ठेवा. दारूजवळ विडी नको, कंदीलही नको.

भरायची वेळ आली की नळी कोरड्या फडक्याने पुसा. रिकाम्या बंदुकीवर एक केप वाजवा. नळीच्या तोंडासमोरचं गवताचं पातं हललं तर वाट मोकळी आहे. दारू मापाने घ्या, माप बंदुकीबरोबर ठरवून मिळालं असेल तेवढंच. डब्यातून थेट नळीत कधी ओतू नका, आत ठिणगी राहिली असेल तर डबाच हातात पेटतो. मग दारूवर बसवायची गुंडाळी गजाने शेवटपर्यंत दाबा. दारू आणि गुंडाळी यांच्यात पोकळी राहिली तर नळीला धोका. गज बोटांच्या टोकांत धरा, तळव्याने ठोकू नका, चेहरा आणि छाती नळीच्या तोंडावरून बाजूला ठेवा. भरलेल्या बाराची दुसरी खूण गजावर करून ठेवली तर अंधारात एकावर एक दोन बार ठासले जात नाहीत. केप सगळ्यात शेवटी, खोपीवर, तोंड मोकळ्या शिवाराकडे असताना.

नुसत्या आवाजासाठी भरलेला बारही खेळ नव्हे. गुंडाळी पेटती बाहेर पडते. समोर वाळलेलं गवत किंवा पिंजराची, म्हणजे पेंढ्याची, गंजी असेल तर त्या बाजूला बार काढू नका.

बार उडाला नाही तर बंदूक तशीच धरून किमान एक मिनिट थांबा. कधी दारू उशिरा पेट घेते. नंतरच नवी केप लावा. पाठोपाठ दुसरा बार भरायचा असेल तर आधी ओलसर फडकं फिरवून ठिणगी विझवा.

पहाटे घरी येताना भरलेली बंदूक आणू नका. काळ्या दारूची राख ओल ओढते आणि नळी लवकर गंजते. त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, तेल लावा.

आता कायद्याचं. पीक राखणीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात गवा आणि हत्ती पहिल्या अनुसूचीत आहेत, रानडुकरालाही संरक्षण आहे. बंदूक आवाजाने हुसकावण्यासाठी आहे. जखमी गवा रात्रीच्या अंधारात काय करतो ते या भागात सांगायला नको. कुंपणात करंट सोडणं किंवा गावठी बॉम्ब पेरणं याने जनावराआधी शेजारचा माणूस मरतो.

परवाना कन्नडमध्ये असेल तर वाचणाऱ्याकडून तारीख आणि क्षेत्र दोन्ही वाचून घ्या. काहींची शेती महाराष्ट्रातल्या चंदगडच्या हद्दीतही आहे, आणि परवान्याचं क्षेत्र कर्नाटकापुरतंच असेल तर बांध ओलांडून बंदूक नेता येत नाही. नुकसान झालंच तर सकाळीच फोटो काढा, उतारा घेऊन रेंजर ऑफिसात अर्ज द्या आणि पाहणी होईपर्यंत तुडवलेलं भात तसंच ठेवा.