बजेटमधली फॅमिली गाडी घेताय? सनरूफच्या आधी हे चेक करा

दहा लाखांच्या आतली गाडी बघायला गेलं की सेल्सवाला आधी टचस्क्रीन दाखवतो, मग सनरूफ उघडून दाखवतो आणि सेफ्टीचं विचारलं की "सर सहा एअरबॅग आहेत" म्हणून मोकळा. पण केबिनच चेपली तर एअरबॅग कुणाला वाचवणार?

म्हणून घरी बसूनच भारत एनकॅपच्या, म्हणजे गाड्या आपटून सेफ्टीचे स्टार देणाऱ्या आपल्याकडच्या सरकारी क्रॅश टेस्टच्या साइटवर त्या मॉडेलचा रिपोर्ट उघडा. २०२३ च्या ऑक्टोबरपासून ही टेस्ट सुरू झालीये, गाडी ६४ च्या स्पीडने समोर आपटतात, बाजूने ५० च्या स्पीडने धडक देतात. नुसते स्टार मोजू नका, मोठ्यांचे मार्क ३२ पैकी आणि मुलांचे ४९ पैकी असतात, घरात बारकी पोरं असतील तर दुसरा आकडा आधी बघा. रेटिंग कुठल्या व्हेरियंटला लागू आहे तेही वाचा. ग्लोबल एनकॅप या परदेशी संस्थेच्या रिपोर्टमध्ये तर बॉडीशेल, म्हणजे गाडीचा सांगाडा, स्टेबल की अनस्टेबल हे सरळ लिहिलेलं असतं. आमचे काका अजून बोनेटवर टकटक करून "पत्रा पातळ आहे रे" म्हणतात, अहो काका, पुढचा भाग मुद्दाम चेपण्यासाठीच बनवलेला असतो, धक्का तो खातो म्हणून आत आपल्यापर्यंत कमी पोचतो.

शोरूममध्ये गेल्यावर ड्रायव्हर सीट सोडा, मागे जाऊन बसा. मधल्या माणसाला खांद्यावरून येणारा बेल्ट आहे का, हेडरेस्ट आहे का? सीटच्या फटीत बोटं घालून आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायचे हुक चाचपा, चाइल्ड सीट असेल तर सोबत नेऊन बसवूनच बघा, लाजायचं काय त्यात. आणि मागे बेल्ट कोण लावतं असं म्हणणाऱ्यांना सांगा, २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले तेव्हा मागच्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता असं पोलिसांनीच सांगितलेलं, आणि ती गाडी आपल्या बजेटच्या कितीतरी पट महाग होती.

आता खरी गंमत अ‍ॅक्सेसरीजची. मला डीलरने जाड सीट कव्हर फ्री देऊ केलं होतं, पण साइड एअरबॅग सीटच्या कडेतूनच उघडते आणि ती शिवण कव्हरखाली गेली की बोंबला, म्हणून नको म्हटलं, तोंड वाकडं केलं त्याने. घ्यायचंच तर साइड एअरबॅगसाठी कट असलेलं घ्या. पुढचा लोखंडी क्रॅश गार्ड तर नकोच, सरकारने २०१७ मध्येच त्यावर बंदी आणलीये, त्याने धक्का सरळ चासीला जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरचाही घोळ होतो. बेल्टचा आवाज बंद करायची ती दहा-वीस रुपयांची क्लिप मिळते ना, तीही फेकून द्या, बेल्टशिवाय एअरबॅग अंगावर उघडली तर तीच जोरात लागते.

सेकंडहँड घेत असाल तर चावी फिरवल्यावर एअरबॅगचा लाइट लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागलाच नाही तर बिघाड लपवायला कुणीतरी काढून ठेवलेला असू शकतो, स्कॅनर लावून घेतल्याशिवाय टोकन देऊ नका.