पिंजऱ्यातले माइट्स: औषध आधी पिंजऱ्याला

दिवसा छान खाणारा-पिणारा बजरीगर (छोटा परदेशी पोपट) अंधार पडला की दांडीवर टिकत नाही, जाळीला लटकून झोपतो, मध्येच फडफडतो. घरच्यांना वाटतं मांजर आलं असेल. अशी तक्रार कानावर आली की मी पक्ष्याची चौकशी नंतर करतो. आधी विचारतो, दांडी कशाची आहे आणि ती शेवटची कधी काढली होती? बहुतेक घरांत ती कधी काढलेलीच नसते. पिंजरा दुकानातून आला तशी ती तिथेच.

लाल माइट हा गोचिडीच्या जातीचा बारीक किडा, रात्रपाळीचा जीव. दिवसा तो पक्ष्याच्या अंगावर नसतोच. दांडीच्या टोकांत, तारांच्या सांध्यांत, ट्रेच्या खाचेत, मटकीच्या (अंडी घालायला टांगलेल्या मडक्याच्या) बुडाशी दडून बसतो. रात्री पक्ष्यावर चढतो, अर्धा-पाऊण तास रक्त पितो आणि पुन्हा आपल्या फटीत जातो. म्हणूनच दुपारी पक्षी हातात घेऊन पिसं कितीही उलटीपालटी केली तरी काही सापडत नाही, आणि पक्ष्याला पावडर चोपडली तरी पंधरा दिवसांत पुन्हा जैसे थे. इंदूरच्या कुठल्याही पक्ष्यांच्या दुकानात विचारा, "कुछ नहीं भैया, पावडर मार दो," हेच उत्तर मिळेल. इथे पावडर मारायची जागा तर चुकतेच, बऱ्याचदा पावडरही चुकीची असते.

हे दुखणं किरकोळ समजू नका. बजरीगराचं वजन ३० ते ४० ग्रॅम. त्याच्या अख्ख्या अंगात रक्त जेमतेम तीन-चार मिलीलिटर, म्हणजे चहाचा एक चमचाही भरणार नाही इतकं. मटकीतल्या पिल्लांकडे तर तेवढंही नसतं. चांगली खाल्लीप्यालेली पिल्लं आठवड्याभरात फिकी पडून एकेक करून गेली तर आधी मटकी उलटी करून बघा.

लेख बजरीगर, कॉकाटील, फिंच, कॅनरी अशा परदेशी पक्ष्यांसाठी आहे. (दुकानात 'लव्हबर्ड' म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा बजरीगरच असतात.) आपला देशी मिठू पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे घरात पाळता येत नाही. आजोबांच्या वेळेपासून वाड्यात पिंजरा टांगलेला असला तरी.

पायरी १: आधी खात्री करा

पक्षी खाजवतो म्हणजे माइट्सच, असं नाही. पिसं झडून नवी येताना डोक्यावर काट्यांसारखी कोवळी पिसं उगवतात, तेव्हाही तो चोचीने आणि पायाने सारखा खाजवत असतो. ते आपोआप थांबतं.

रात्री पिंजऱ्यावर जुनी पांढरी चादर टाका, तिची कड पिंजऱ्याला टेकलेली राहू द्या. दिवे मालवून दोन-तीन तास झाले की टॉर्च घेऊन चादरीच्या घड्या आतून बघा. खसखशीएवढे ठिपके चालताना दिसले तर निदान झालं. उपाशी माइट करडा-पांढरट असतो आणि पोट भरलेला लाल ते काळपट. एक ठिपका कागदावर घेऊन दुसऱ्या कागदाने दाबा. लाल रेघ उमटली तर ते तुमच्या पक्ष्याचं रक्त.

रात्री जागायचं नसेल तर दिवसा दांडी काढा. टोकाचं प्लास्टिकचं टोपण फिरवून सोडवलं की आत करड्या-पांढऱ्या भुकटीचा थर दिसतो. ही साधी धूळ नसते. त्यात माइट्सच्या काती, अंडी आणि विष्ठा असते. नखाने खरवडून स्टीलच्या ताटलीत टाका आणि उजेडाकडे धरा. अर्ध्या मिनिटात त्या भुकटीतला काही भाग चालू लागतो. एकदा हे पाहिलं की पुढची सगळी मेहनत करायला कुणी आग्रह करावा लागत नाही.

प्रत्येक माइट मात्र पिंजऱ्यात राहणारा नसतो, आणि इथे गफलत झाली तर पिंजरा घासून उपयोग नाही. चोचीच्या मुळाशी, डोळ्यांभोवती किंवा पायांवर छिद्राछिद्रांची पांढुरकी खपली धरली असेल, तर तो कातडीत घर करणारा माइट. त्याचं सगळं आयुष्य पक्ष्यावरच जातं. बजरीगरात हा प्रकार नेहमीचा आहे. ती खपली नखाने काढू नका, खालची कातडी सोलते. फिंच किंवा कॅनरीचा आवाज बसला, श्वासाबरोबर टिकटिक ऐकू आली, शेपूट वरखाली व्हायला लागली, तर श्वासनलिकेतल्या माइट्सचा संशय घ्यावा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. भरदिवसा पिसांवर लांबट किडे पळताना दिसले तर त्या उवा. आणखी एक माइट असाही आहे जो दिवसरात्र पक्ष्यावरच मुक्काम ठोकतो. अशा वेळी शेपटीखालची पिसं काळवंडलेली आणि मळकट दिसतात.

पायरी २: पक्षी दुसरीकडे हलवा

तात्पुरता पिंजरा साधा हवा. तारेचा, बिनमटकीचा, शक्यतो शेजाऱ्यांकडून मागून न आणलेला. खाली रद्दी पेपर घाला आणि तो रोज बदला. पक्षी हलवायचा तो सकाळी, कारण रात्रीची रक्तपिपासू मंडळी तेव्हा जुन्या पिंजऱ्यातच परतलेली असते. संध्याकाळी हलवलात तर काही त्याच्याबरोबर नव्या घरी जातील.

मटकीत अंडी किंवा पिल्लं असतील तर काम जरा नाजूक आहे. नवी, कोरडी मटकी घ्या, तळाला स्वच्छ लाकडी भुसा घाला, पिल्लं एकेक करून हलवा आणि मटकी आधीच्याच जागी, त्याच उंचीवर बांधा. जागा बदलली तर मादी आत जायला कचरते.

पायरी ३: पिंजरा

खरी लढाई इथे. घाई असेल तर बाकी सगळं आटोपतं घ्या, पण याला पुरता एक रविवार द्या.

जे सुटं होतं ते सगळं सोडवा. ट्रे, जाळी, वाट्या, झोका, दांड्यांची टोपणं, दाराची स्प्रिंग. लाकडी दांड्या, काथ्या, जुनी मटकी, कापडाची खेळणी वाचवायच्या भानगडीत पडू नका. दांडी वीस-तीस रुपयांची, तिच्या चिरांत शिरलेले माइट्स मात्र महिनोन्‌महिने उपाशी राहून वाट पाहू शकतात. 'पिंजरा दोन महिने गच्चीवर टाकून दिला, आता सगळे मेले असतील' हा हिशेब म्हणूनच फसतो. फेकायचं सामान जाड पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि कचरागाडी आली की पिशवी तशीच सुक्या कचऱ्यात द्या. गाडीची वाट पाहत ती रात्रभर जिन्यात ठेवू नका.

आता धातूचा सांगाडा. आधी ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने विष्ठा, दाण्यांची टरफलं, सगळा चिकटा काढा, कारण त्या थराखाली पाणी पोचत नाही. मग खळखळ उकळलेलं पाणी. लांबून शिंपडण्यात अर्थ नाही. किटलीच्या चोचीने एकेका सांध्यावर, कोपऱ्यावर, दाराच्या बिजागरीवर सावकाश ओता. जिथे दोन तारा एकमेकींवर वळवलेल्या असतात तिथे दोनदा. उष्णतेपुढे माइट टिकत नाही, त्याचं अंडंही टिकत नाही. नळाचं कोमट पाणी मात्र त्याला फक्त आंघोळ घालतं. प्लास्टिकचा ट्रे उकळत्या पाण्याने वाकडा होतो, त्याला सोसेल इतकं गरम पाणी आणि साबण पुरे, फक्त कडेची खाच जुन्या दातब्रशने घासा. हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा.

पिंजऱ्याला जस्ताचा चकचकीत मुलामा असेल तर दोन गोष्टी टाळा. तो व्हिनेगरमध्ये भिजत टाकू नका आणि गॅसच्या ज्योतीवर किंवा ब्लो-टॉर्चने भाजू नका. जस्त पक्ष्यांना विषारी आहे आणि त्याचा धूर आपल्यालाही बाधतो.

मग ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या पुढे जातो, त्याचा फायदा घ्या. धुतलेला पिंजरा काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून दुपारभर गच्चीच्या तापलेल्या फरशीवर ठेवला की उरलेसुरलेही भाजून निघतात. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत हा उपाय चालत नाही, आणि माइट्स नेमके तेव्हाच झपाट्याने वाढतात. पावसाळ्यात भिस्त किटलीवर.

पायरी ४: पिंजऱ्याभोवतीची जागा

भिंतीतला खिळा, लाकडी फळी, पडदा, पिंजऱ्यावर टाकायचं कापड, इथेही ते दडतात. कापड उकळत्या पाण्यात धुवा. फळीच्या फटींवरून व्हॅक्यूम क्लीनर फिरवा आणि त्याची पिशवी लगेच घराबाहेर काढा. मराठी मोहल्ल्यातल्या किंवा रामबागेतल्या जुन्या घरांत लाकडी तुळयांना पिंजरा टांगायची पद्धत आहे. तुळईतल्या सगळ्या फटी साफ करणं कुणाच्याही आवाक्यात नाही, तेव्हा पिंजरा तिथून उतरवा आणि भिंतीपासून वीतभर दूर लोखंडी स्टँडवर ठेवा. स्टँडच्या पायांना पेट्रोलियम जेलीचा दोन बोटं रुंद पट्टा लावला की चढणारे माइट त्यात अडकतात.

आणि वर बघा. ए.सी.च्या मागे, खिडकीच्या छज्ज्यावर, डक्टमध्ये कबुतराचं घरटं आहे का? शहरातल्या घरांत माइट्स बऱ्याचदा तिथूनच उतरतात, विशेषतः पिल्लं उडून गेल्यावर, जेव्हा घरट्यातला त्यांचा दाणापाणी संपतो. घरट्यात अंडी-पिल्लं असतील तर थांबा. रिकामं झालं की मास्क लावून, आधी पाणी मारून ते काढा आणि तिथे जाळी बसवा. घरात पक्षी नसतानाही कुणाच्या मानेवर, कमरेवर बारीक लाल पुरळ उठून रात्री खाज सुटत असेल तर संशयित हेच घरटं. हे माइट माणसाला चावतात, पण माणसावर त्यांचा संसार चालत नाही.

पायरी ५: सातव्या दिवशी पुन्हा

बहुतेकांचं गाडं इथे अडतं. उबदार हवेत लाल माइटचं अंडं दोन-तीन दिवसांत फुटतं आणि आठवड्याभरात त्याचा अंडी घालणारा माइट होतो. पहिल्या धुलाईतून चार अंडी वाचली की महिन्याभरात सगळं मूळपदावर. म्हणून पिंजरा स्वच्छ दिसो न दिसो, सातव्या दिवशी आणि चौदाव्या दिवशी तीच किटली, तोच ब्रश. मधल्या काळात नालीदार पुठ्ठ्याचे बोटभर तुकडे गुंडाळी करून पिंजऱ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यांना बांधा, पक्ष्याची चोच पोचणार नाही असे. पुठ्ठ्याच्या नळ्या माइट्सना लपायला आवडतात. दर दोन दिवसांनी गुंडाळी काढून उकळत्या पाण्यात टाका आणि पाण्यावर काय तरंगतं ते बघा. लागोपाठ काही गुंडाळ्या रिकाम्या निघाल्या की समजावं जमलं.

पक्ष्याचं औषध

खपलीवाला माइट, श्वासनलिकेतला माइट, किंवा पक्षी रक्त कमी होऊन निपचित झालेला असेल तर डॉक्टरला पर्याय नाही. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी तपासत नाहीत, तेव्हा फोनवर आधी विचारून घ्या. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासूनचं आहे आणि इंदूरहून फार लांब नाही. आपल्या जवळ कोण पक्षी बघतं, याची चौकशी तिथे करता येईल.

डॉक्टर बहुधा आयव्हरमेक्टिन देतील. ते घरी स्वतः द्यायचं नाही, आणि का नाही ते हिशेबानेच पाहा. पक्ष्यांसाठी वापरली जाणारी मात्रा साधारण किलोला ०.२ मिलीग्रॅम, म्हणजे ३५ ग्रॅमच्या बजरीगराला ०.००७ मिलीग्रॅम. गुरांसाठी मिळणाऱ्या एक टक्क्याच्या इंजेक्शनमध्ये दर मिलीलिटरला १० मिलीग्रॅम औषध असतं. तेव्हा लागणार ०.०००७ मिलीलिटर. इन्शुलिनच्या १०० युनिटवाल्या, एक मिलीलिटरच्या सिरिंजवरचं एक युनिट ०.०१ मिलीलिटरचं, म्हणजे मात्रेच्या चौदा पट. अंदाजाने टाकलेला थेंब तर त्याहून मोठा. डॉक्टर औषध पातळ करून, बरेचदा मानेमागच्या कातडीवर लावून देतात आणि दहा-चौदा दिवसांनी परत बोलावतात. दुसऱ्या खेपेला नक्की जा.

काही घरगुती उपाय मात्र सरळ बाद करावेत. पिंजऱ्याला डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी बांधणं सगळ्यात वाईट, तिच्या वाफेने माइट मरायच्या आधी पक्ष्याचं यकृत जातं. कापूर आणि धूप बंद खोलीत नकोत. मुंग्यांचा खडू कीटकनाशकाचाच असतो, आणि पक्षी जाळी चोचीने चाटतो-कुरतडतो. कडुलिंबाचं तेल पिसांना लावलं तर ती चिकटतात आणि थंडीत पक्ष्याला ऊब धरता येत नाही. पिंजऱ्यात कडुलिंबाची ताजी डहाळी ठेवायची तर खुशाल ठेवा, पक्षी तिच्याशी खेळेल, पण माइट्स तिला भीक घालत नाहीत.

नवा पक्षी आणताना

नवा पक्षी किमान महिनाभर वेगळ्या खोलीत, वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा. पांढऱ्या चादरीची परीक्षा पहिल्याच आठवड्यात घ्या. दाणापाणी आधी जुन्या पक्ष्यांचं करा, मग नव्याचं, आणि मध्ये हात धुवा. दुकानदार खूश होऊन पक्ष्याबरोबर एखादी वापरलेली मटकी फुकट देऊ करेल. ती घेऊ नका, नवी मटकी कुंभाराकडूनच आणा.