घरी प्रवाळे वाढवण्यासाठी उथळ टाकी कशी उभारावी

प्रवाळाचे लहान तुकडे, ज्यांना हा छंद जोपासणारे ‘फ्रॅग’ म्हणतात, वाढवून त्यांच्या वसाहती तयार करायच्या असतील, तर २५ ते ३० सेंटीमीटर उंचीची, पण लांबरुंद टाकी सर्वांत सोयीची पडते. अशा टाकीत प्रकाश फारसा न घटता तळापर्यंत पोहोचतो, हवेशी मोठ्या पृष्ठभागावर संपर्क आल्याने पाण्यात प्राणवायू चांगला मिसळतो आणि हात कोपरापर्यंतही न भिजवता कोणताही तुकडा उचलून पाहता येतो. मात्र ज्या रुंद पृष्ठभागामुळे हे सर्व साधते, त्याच पृष्ठभागावरून पाण्याची वाफही भराभर होते आणि मागे उरलेल्या पाण्याचा खारटपणा वाढत जातो. दिवे आणि पंप निवडण्याआधी या एका गोष्टीचा विचार व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

सामान आणण्यापूर्वी आपल्या देशाचा कायदा पाहून घ्यावा. कठीण सांगाड्याची प्रवाळे ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असून त्यांच्या सीमापार व्यापाराला परवाना लागतो. काही देशांत तर ती बाळगण्यावरही बंदी आहे. जिथे परवानगी आहे तिथेही समुद्रातून काढलेल्या वसाहतीऐवजी टाकीतच वाढलेल्या प्रवाळाचे तुकडे घ्यावेत. समुद्रातील भित्तीवरचा भार त्याने वाढत नाही, शिवाय असे तुकडे कृत्रिम प्रकाशाला आणि बंदिस्त पाण्याला आधीच सरावलेले असतात.

टाकी आणि सम्प

उदाहरणासाठी ९० सेंटीमीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच टाकी घेऊ. ती २५ सेंटीमीटरपर्यंत भरली की १३५ लिटर पाणी मावते आणि नुसत्या पाण्याचेच वजन १३८ किलोच्या आसपास जाते. तेव्हा स्टँड भक्कम हवा आणि पाणसळ लावून तो अगदी सपाट केलेला असावा. खोल टाकीत न जाणवणारा किंचित उतारही उथळ टाकीत एका टोकाला पाणी कडेपर्यंत आणून ठेवतो. तळाशी वाळू घालू नये. मोकळ्या काचेवरचा गाळ नळीने सहज ओढून काढता येतो आणि वाळू उडून तुकड्यांवर बसत नाही.

टाकीच्या खाली सम्प, म्हणजे दुसरी साधी टाकी, अवश्य ठेवावी. वरचे पाणी तिच्यात उतरत राहते आणि पंप ते परत वर नेतो. हीटर, प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातील सेंद्रिय घाण काढणारे यंत्र) आणि जिवाणूंना राहण्यासाठी लागणारे सच्छिद्र दगड तिच्यात ठेवले की वरची जागा प्रवाळांसाठी मोकळी राहते. एकच मोठा हीटर घेण्यापेक्षा निम्म्या क्षमतेचे दोन घ्यावेत, कारण त्यांतील एखादा चालू अवस्थेत अडकला, तरी पाणी लगेच उकळल्यासारखे तापत नाही. सम्पमध्ये ४५ लिटर पाणी धरले, तर एकूण पाणी १८० लिटर होते. येथे एक हिशेब आधीच करून ठेवावा. या मापाच्या टाकीत पाण्याचा प्रत्येक सेंटीमीटर ५.४ लिटरचा आहे. वर पाणी नेणाऱ्या नळीचे तोंड पृष्ठभागाच्या ३ सेंटीमीटर खाली बुडालेले असेल, तर वीज जाताच वक्रनलिकेच्या तत्त्वाने १६ लिटरहून अधिक पाणी खाली येईल. म्हणून नळीचे तोंड शक्य तितके पृष्ठभागालगत ठेवावे, सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी सोडावी आणि पहिल्याच दिवशी पंप मुद्दाम बंद करून पाणी कुठपर्यंत चढते ते समोर उभे राहून पाहावे.

खाऱ्या पाण्याचे शिंतोडे वायरींवर वाळून मिठाचा थर साचतो, त्यामुळे प्रत्येक वायर सॉकेटपर्यंत जाण्यापूर्वी खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे ओघळणारा थेंब झोळाच्या टोकाशीच गळून पडतो. विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विचही बसवलेला असला पाहिजे.

पाणी

नळाचे पाणी थेट वापरू नये. आरओ-डीआय संचातून, म्हणजे क्षार काढून टाकणाऱ्या गाळणीतून काढलेले, टीडीएस (विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण) शून्य दाखवणारे पाणी वेगळ्या पिंपात घ्यावे आणि त्यात प्रवाळांसाठीचे समुद्री मीठ थोडे थोडे टाकत, पंपाने ढवळत विरघळवावे. मिठावर पाणी ओतू नये, कारण दाट द्रावणात कॅल्शियमचा साका तयार होतो आणि तो पुन्हा सहजी विरघळत नाही. खारटपणा दर हजारी ३५ भाग आणि तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस ठेवावे. खारटपणा मोजण्याचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणाने अधूनमधून जुळवून घ्यावा.

आता वाफेकडे वळू. या टाकीतून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडते असे मानले, तर ते २.७ लिटर होते. मीठ उडत नाही, त्यामुळे तीन दिवस दुर्लक्ष झाले की ८ लिटर पाणी घटून खारटपणा ३५ वरून सुमारे ३६.६ वर जातो आणि मग घाईने ८ लिटर गोडे पाणी एकदम ओतले की तो क्षणात तेवढाच खाली येतो. प्रवाळाला दोन्ही हेलकावे सोसत नाहीत. तेव्हा सम्पमध्ये पातळी ओळखणारा सेन्सर आणि गोड्या पाण्याचा छोटा पंप असलेली आपोआप पाणी भरणारी यंत्रणा ही येथे चैन नसून गरज आहे. दिवसभर मला पाणी घालत बसणे जमेल, असे वाटणाऱ्यांनीही ती बसवावी. उन्हाळ्यात पाणी थंड ठेवायला पंखा लावला तर वाफ आणखी वाढते, याचाही हिशेब गोड्या पाण्याच्या पिंपात धरावा.

सम्पमध्ये दगड ठेवून अमोनियाचा थोडा स्रोत दिला की जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करू लागतात. यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तेथेच स्थिरावल्याशिवाय प्रवाळ आणू नये.

प्रकाश आणि प्रवाह

प्रवाळाच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशाच्या साहाय्याने अन्न बनवून त्यातील मोठा वाटा यजमानाला देतात, म्हणून दिव्याची निवड ही खरोखर प्रवाळाच्या जेवणाची निवड आहे. निळ्या प्रकाशाचे प्रमाण अधिक असलेले एलईडी दिवे दिवसाला ८ ते १० तास पुरेसे होतात. उपयुक्त प्रकाश ‘पार’ या मापाने मोजतात: छत्री प्रवाळ किंवा झोअँथिड यांसारख्या मृदू प्रवाळांना ५० ते १००, युफिलियासारख्या मोठ्या पॉलिपच्या (वसाहतीतील एकेका तोंडाच्या जीवाच्या) कठीण प्रवाळांना १०० ते १५० आणि अॅक्रोपोरासारख्या लहान पॉलिपच्या प्रवाळांना २०० ते ३५० पार मानवतो. खोल टाकीत कमी प्रकाशाची प्रवाळे खाली ठेवता येतात. उथळ टाकीत ती पळवाट नाही. त्यामुळे एका टाकीत सारख्या गरजेची प्रवाळे ठेवणे हेच शहाणपणाचे आहे, किंवा फार तर दिव्याखालचा मधला भाग आणि अंधूक कडा अशी विभागणी करावी. नवे दिवे निम्म्या तीव्रतेवर सुरू करून काही आठवड्यांत सावकाश वाढवावेत. तुकडा फिकट पडू लागला, तर प्रकाश जास्त होत असल्याचा संशय घ्यावा. तपकिरी होऊ लागला, तर तो बहुधा कमी पडत असतो.

उथळ टाकीत प्रवाह देणारा पंप वर वळवला तर पाणी बाहेर उडते आणि खाली वळवला तर जवळच्या तुकड्याची ऊती झडते. यास्तव दोन्ही आखूड बाजूंना रुंद धारेचे पंप लावून ते आळीपाळीने चालवावेत, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने न आदळता पुढेमागे हेलावत राहतो.

तुकडे आणताना

नवा तुकडा प्रवाळांसाठीच्या औषधी द्रावणात बुडवून घ्यावा, पण त्यावर विसंबून राहू नये. अॅक्रोपोरा खाणारे चपटे कृमी आणि माँटिपोरा खाणाऱ्या समुद्री गोगलगायी अशा बुडवणीने गळून पडतात, त्यांची अंडी मात्र तगून राहतात. म्हणून तुकडा जुन्या प्लगवरून, म्हणजे तो चिकटवलेल्या छोट्या बैठकीवरून काढून, मेलेला तळभाग छाटून नव्या प्लगवर चिकटवावा आणि शक्य असल्यास काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा.

झोअँथिड आणि पॅलिथोआ हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. त्यांच्यातील काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. अशी प्रवाळे असलेला दगड कधीही उकळू नये, त्यावर गरम पाणी ओतू नये आणि तो कोरडा घासू नये, कारण विष वाफेतून वा तुषारांतून श्वासात गेल्याने घरातील माणसे व पाळीव प्राणी गंभीर आजारी पडल्याच्या घटना घडल्या आहेत. या एका बाबतीत सवलत घेऊ नका.

क्षारता, म्हणजे वाढीचा हिशेब

कठीण प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन अॅरागोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाचा सांगाडा रचते. क्षारता, म्हणजे मुख्यतः पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, ८ ते ९ डीकेएच (ती मोजण्याचे एकक), कॅल्शियम ४२० ते ४५० पीपीएम (दहा लाखांत भाग) आणि मॅग्नेशियम १२८० ते १३५० पीपीएम ठेवावे. यांपैकी क्षारता सर्वांत आधी हलते: १ डीकेएच खर्च होताना कॅल्शियम सुमारे ७ पीपीएमच घटते, म्हणजे क्षारता आठाची सात होते तेव्हा कॅल्शियम दोन टक्केही उतरलेले नसते. त्यामुळे आठवड्यातून दोनदा, दिवसाच्या एकाच वेळी क्षारता मोजावी. समजा तीन दिवसांत ती ८.४ वरून ७.८ झाली, तर रोजचा खर्च ०.२ डीकेएच आहे. एका लिटरमध्ये १ डीकेएच वाढवायला सुमारे ३० मिलिग्रॅम सोडियम बायकार्बोनेट लागते. तेव्हा १८० लिटरसाठी रोज जेमतेम १ ग्रॅम पुरते. ते पाण्यात विरघळवून भरपूर प्रवाहाच्या जागी सावकाश घालावे आणि कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण वेगळ्या वेळी द्यावे, नाहीतर दोन्ही मिळून साका बनतो. प्रवाळे वाढतील तसा हा खर्चही वाढतो, म्हणून मात्रा कायमची ठरवून टाकता येत नाही.

नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्यावे. ही दोन्ही शून्यावर नेण्याचा हट्ट धरल्यास प्रवाळ उपाशी राहते आणि डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा चिकट तपकिरी थर पसरण्याची शक्यता वाढते. एकदोन लहान मासे हे पोषण पुरवतात, पण उथळ टाकीतून ते उडी मारतात, तेव्हा वर बारीक जाळी लावावी. शेवाळ खरवडायला ट्रोकस गोगलगायी सोडाव्यात. आठवड्याला १० टक्के पाणी बदलावे.

पहिली छाटणी

तुकड्याची कड पूर्ण प्लगवर पसरून फांद्या फुटेपर्यंत कात्री हाती घेऊ नये. फांद्यांचे प्रवाळ हाड कापण्याच्या चिमट्याने दोन ते तीन सेंटीमीटरवर तोडावे आणि कापलेला भाग सायनोअॅक्रिलेट जेलने, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या घट्ट गोंदाने, प्लगवर बसवावा. मृदू प्रवाळ धारदार पात्याने कापावे. ते बुळबुळीत असल्याने गोंद धरत नाही. ते खडकाच्या बारीक चुऱ्यावर जाळीखाली ठेवले की स्वतःच चिकटते. कापलेले तुकडे पहिले आठवडाभर मंद प्रवाहात ठेवावेत आणि जखमेवर नवी ऊती दिसू लागली की मूळच्या जागी परत न्यावेत.